रुमालाखालची बोटं

९ फेब्रुवारी १९८३, बुधवार. विष्णुपुरी

धरणाच्या कामावर मजुरांची हजेरी लिहून राहिलो होतो, तेव्हा एक जीप थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. उतरला तो लातूरचा बसवराज. आडतवाला. धोतर नाही, सफारी. दहा वर्षांनी पाहिला तरी नाकावरून ओळखला. नाक त्याच्या बापाचं आहे.

त्यानं चहा पाजला आणि सांगितलं ते असं. लातूर आता जिल्हा झाला, चन्नवीर बोर्डिंग ट्रस्टचे कागद नव्यानं करायचे आहेत, पाच विश्वस्त पुरे लागतात, आणि चारच आहेत. पाचवी जागा घटनेप्रमाणं महादेवप्पाच्या घराची. म्हणजे माझ्या बापाची. बाप नाही तर माझी.

मी म्हणालो, मी सातवी नापास. तो म्हणाला, सही येते ना.

मग तो हळूच म्हणाला, "वीरण्णा, सिद्रामप्पा अजून अध्यक्ष हाय. त्याच खुर्चीवर."

त्याला माहीत होतं कुठं बोट ठेवायचं. बहात्तरच्या दुष्काळात आबांनी, म्हणजे बापानं, बोर्डिंगच्या कोठीतली ज्वारी खडी फोडणाऱ्या लोकांना वाटली, म्हणून सिद्रामप्पानं त्यांना ट्रस्टमधून काढलं. लोकांना खाऊ घातलं हा गुन्हा. आबा हातात चपला घेऊन दिवाणखान्यातून बाहेर आले. मी बोर्डिंगातलाच पोरगा, व्हरांड्यात उभा होतो, बारा वर्षांचा. सगळी पोरं बघत होती. तीन वर्षांनी आबा गेले. मी तर बोर्डिंग सुटल्यापासूनच गाडी मिळेल तिकडं जातो.

सिद्रामप्पाला हातात चपला घेऊन बाहेर पडताना बघायचं आहे. बाकी मला ट्रस्टमधलं काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी. चाकूर

काल लातूरला पोचायचं होतं, आज बैठक होती. पण चाकूरला मायला भेटायला उतरलो आणि मामाच्या वावराशेजारी बोअरची गाडी लागलेली. बघत उभा राहिलो. शंभर फूट, दीडशे, दोनशे. नुसता पांढरा फुफाटा. आजूबाजूची माणसं फूट मोजून राहिली होती, जसं काय कुस्ती लागली. दोनशे ऐंशीला थोडा ओला चिखल आला तर एकानं तो कपाळाला लावला. पुढं परत फुफाटा. तीनशेला बंद केलं. वावराच्या मालकानं गाडीवाल्यांना जेवायला बसवलं.

बैठक हुकली. मायला सांगितलं कशाला चाललो ते. ती म्हणाली, "जातोस तर जा. भांडू नको." मी म्हणालो भांडायलाच चाललो. ती पीठ मळत राहिली.

१६ फेब्रुवारी. लातूर

बोर्डिंगमध्येच एक खोली दिली. दहा वर्षांपूर्वी याच खोलीत माझी पेटी होती. आता चाळीस पोरं आहेत. विहीर तळाला गेली, आडातला गाळ दिसतो. नागुबाई अजून स्वयंपाकाला आहे. तिनं मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग रडली, मग म्हणाली ताट घासून ठेव, पाणी नाही.

सिद्रामप्पा सकाळी आला. वाटलं बैठक हुकल्याचं बोलेल, मग मी सुनावीन. सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं. तो आमच्यातला नमस्कार करतात तसं "शरणार्थी" म्हणाला आणि पुढं म्हणाला, बस चुकली असंल. एवढंच. बैल सोडायला गेला. तोंडपाठ केलेलं तोंडातच राहिलं. लई चीड आली.

म्हातारा झाला आहे. सत्तरीचा असेल. मला वाटलं होतं तेवढा उंच नाही.

२४ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा रुमालाखाली हात घातला.

या ट्रस्टमध्ये हात वर करून मत देत नाहीत. ट्रस्ट काढणारे पहिले पाचही जण आडत बाजारातले, तिथं जसा धान्याचा भाव रुमालाखाली बोटं दाबून करायचे, तसंच इथं. बाजारात आता सरकारनं ते बंद केलं, इथं चालू आहे. अध्यक्ष मांडीवर पांढरा रुमाल पसरतो. एकेकानं जाऊन बसायचं, हात खाली घालायचा, त्याच्या तळहातावर एक बोट दाबलं तर हो, दोन दाबली तर नाही; माणसाला काढायचा विषय असला तर एक म्हणजे राहू द्या, दोन म्हणजे काढा. त्याचं स्वतःचं मत शेवटी, मनातल्या मनात. मग तो निकाल सांगतो. किती इकडं किती तिकडं ते सांगत नाही, कुणी काय दाबलं ते तर नाहीच. वहीत "सर्वानुमते" लिहितात. आप्पासाहेब मास्तरांनी मला हे समजावलं. ते हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर, या पाचांत माझ्याशिवाय तेच एकटे व्यापारी नाहीत. ते म्हणाले, यामुळं बाहेर पडल्यावर कुणाचं कुणाशी वैर राहत नाही. मी मनात म्हणालो, माझं आहे.

आजचा विषय: पाणी संपलं, पोरांना घरी पाठवायचं की ठेवायचं. सिद्रामप्पा म्हणाला ठेवू, पाण्याचं मी बघतो. बसवराज म्हणाला पाठवू, दोन महिन्यांत परीक्षा तशाही होतील. गुरुपादप्पा, उदगीरचे कापडवाले, छताकडं बघत होते.

ठराव "पोरं ठेवावीत" असा होता. माझी पाळी आली. त्याचा तळहात चामड्यासारखा. मी दोन बोटं दाबली. जोरात. पोरांशी माझं काही नाही, पण त्याला एक हवं होतं म्हणून दोन.

सगळ्यांचं झाल्यावर त्यानं रुमालाची घडी घातली. म्हणाला, पोरं राहतील.

५ मार्च, शनिवार

आज केलं ते लिहितो. डायरीत खोटं लिहून काय मिळणार.

सिद्रामप्पा त्याच्या मळ्यातून रोज दोन खेपा पाणी आणतो. गाडीवर लोखंडी पिंप, खाली लाकडी बूच. स्वतः गाडी हाकतो. अध्यक्ष असून गाडी हाकतो हे लोकांना दिसावं म्हणून, असं मला वाटतं. दुपारी गाडी अंगणात उभी करून तो नागुबाईशी बोलायला आत गेला. मी बूच काढलं.

पाणी पायाखालून वाहून गेलं. जमिनीनं आवाजही केला नाही. एक पोरगा तांब्या घेऊन पळत आला आणि तांब्यात जेवढं मावलं तेवढं धरलं. दुसरं पोरगं ओल्या मातीवर पालथं झोपलं, गार लागतं म्हणून.

नागुबाईनं बघितलं. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मी कुणाला बोलणार नाही, पण संध्याकाळी भात करायला पाणी नाही, तेव्हा तू जेवायचं नाहीस. मी जेवलो नाही.

सिद्रामप्पानं रिकाम्या पिंपाकडं बघितलं, बूच शोधलं, फडक्यानं गुंडाळून परत ठोकलं, आणि बैल फिरवले. तिसरी खेप करायला. येता-जाता आठ मैल. कुणी केलं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होतो. त्यासाठीच तर केलं.

११ मार्च

काल-आज उदगीरला. गुरुपादप्पांच्या दुकानात जायचं होतं, पण स्टेशनवर एक माणूस तुटके रेडिओ दुरुस्त करत बसला होता, त्याच्याजवळ चार तास गेले. त्यानं मला एक लाल वायर दिली. काय करू तिचं.

गुरुपादप्पांनी गादीवर बसवलं, खडीसाखर दिली. मी सरळ विचारलं, बहात्तरला तुम्ही माझ्या बापाच्या वेळी काय दाबलं. ते इकडं तिकडं बघायला लागले. सांगायचं नसतं म्हणाले. मी उठलो नाही. गिऱ्हाईक आलं, गेलं. मी बसून. शेवटी त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं की एक बोट दाबलं, महादेवप्पा राहावा असंच दाबलं. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. माणूस खोटं बोलत नव्हता.

१८ मार्च

आप्पासाहेब मास्तर लवकर बधले नाहीत. चार दिवस त्यांच्या घरी जाऊन बसलो. त्यांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी, पहिल्या दिवशी पोहे दिले, दुसऱ्या दिवशी चहा, तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, त्यात सांगायसारखं काय आहे, मी एक बोट दाबलं होतं, महादेवप्पा चुकला होता पण काढण्याइतका नव्हता.

"चुकला कसा?" मी म्हणालो.

मास्तर म्हणाले, "धान्य पोरांचं होतं, वीरण्णा. आठवड्यात कोठी संपली. चार महिने बोर्डिंग बंद ठेवावं लागलं. साठ पोरं घरी गेली, त्यातली वीस-बावीस परत आलीच नाहीत. तूही त्यातलाच."

मी त्यातला आहे हे मला माहीत आहे. पण बोर्डिंग बंद सिद्रामप्पानं केलं, आबांनी नाही. मी मास्तरांना तसं सांगितलं. त्यांनी कपाटातून जुनी ठराव-वही काढून दाखवली. "महादेवप्पा यांस विश्वस्तपदावरून सर्वानुमते कमी करण्यात येते." खाली पाच सह्या. तिसरी आबांची. अक्षर अजिबात हललेलं नाही. दरडावून घेतली असणार सही.

मी विचारलं, ज्याला काढायचं त्याचीही सही कशाला. मास्तर म्हणाले, दस्तूरच तसा आहे, ज्याचा विषय त्याचाही हात रुमालाखाली घेतात, त्यालाही विचारतात.

२० मार्च

हिशोब केला. पाच हात होते.

गुरुपादप्पा, राहू द्या. मास्तर, राहू द्या. बसवराजला विचारलं, तो म्हणाला माझ्या बापानं दोन दाबली होती, घरात बोलले होते, आता ते नाहीत तर लपवून काय करू. सिद्रामप्पाची दोन, हे सगळ्या लातूरला माहीत आहे, तो तेव्हाच बोलला होता. म्हणजे दोन राहू द्या म्हणणारे, दोन काढा म्हणणारे. पाचवे आबा. त्यांचं तर मोजायलाच नको. तीन विरुद्ध दोन. आबा राहिले होते. रुमाल सिद्रामप्पाच्या मांडीवर होता. निकाल त्यानं सांगितला.

खोटा सांगितला. दहा वर्षं खोट्यावर बसला आहे.

गंजगोलाईच्या बाजारात तीन चकरा मारल्या. एका हॉटेलात पाणी मागितलं तर म्हणाला आधी काही खा मग पाणी. जिल्हा झाला आहे लातूर.

२ एप्रिल

बसवराज खूश आहे माझ्यावर. त्यानं अध्यक्षांना काढायचा ठराव एक मेच्या बैठकीत ठेवायचा ठरवलं आहे. मला एक शर्ट शिवून दिला. गुरुपादप्पांना तो उदगीरला जाऊन भेटला, त्यांनी लिंगाची शपथ घेऊन दोन बोटं कबूल केली. मास्तर काही सांगत नाहीत. पण बसवराज, गुरुपादप्पा, मी, तीन झाले.

आज दोन माणसं टेप घेऊन बोर्डिंगचं अंगण मोजत होती. रस्त्याकडच्या बाजूनं. बसवराज म्हणाला, पाण्याचा हौद बांधायचा आहे. मग चांगलंच आहे. मी टेपचं दुसरं टोक धरलं. हौद लई मोठा दिसतो, समोरचा रस्ताभर लांब. एका माणसानं विचारलं की गाळे दहा बसतात का बारा. हौदाला गाळे कशाला ते मला कळलं नाही, पण बांधकामातलं त्यांना माहीत.

या रस्त्याला आता कलेक्टरची गाडी फिरते, म्हणून जागेला भाव आला, असं नागुबाई म्हणत होती. तिला सगळ्या गावचं ठाऊक.

१४ एप्रिल, पाडवा

नागुबाईनं कडुलिंब वाटून पोरांना दिला, वर गुळाचा खडा. सिद्रामप्पा पाणी घेऊन आला तेव्हा मी गाडीपुढं उभा राहिलो. आता बोलायचंच.

म्हणालो, हिशोब केला मी. गुरुपादप्पा, मास्तर, बसवराजचा बाप, तुम्ही. सगळं सांगितलं. म्हणालो, निकाल खोटा होता.

तो गाडीवरून उतरला नाही. कासरा हातात. म्हणाला, "माझी दोन व्हती. मी त्याच दिवशी महादेवप्पाला तोंडावर सांगितलं. लपवून केलं न्हाई."

"आन बाकीचे?"

"ते हात माझ्या रुमालाखाली आले व्हते. मी ते बाहेर काढत न्हाई. तुला ज्यांनी सांगितलं त्यांनी सांगायला नको व्हतं."

मी म्हणालो, मग मीही तुम्हाला रुमालाखालीच काढीन. एक मेला. हातात चपला घेऊन बाहेर पडाल. पोरं बघतील.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काढ. पण पोरं एक तारखेला इथं असली पायजेत. ती बघायला तरी ऱ्हाऊ दे."

मग म्हणाला, पिंप उतरवायला हात लाव. मी लावला नाही. तीन पोरं धावली.

२१ एप्रिल. चाकूर

मायकडं आलो. वाटेत अहमदपूरचा एक ट्रक भेटला, त्याच्याबरोबर आधी अहमदपूरला गेलो, मग परत चाकूर. ट्रकवाला शेळ्या घेऊन कुठं तरी वऱ्हाडात चालला होता, तिकडं चारा आहे म्हणे. चल म्हणाला. जाणार होतो. मग एक मे आठवली.

मायला हिशोब सांगितला. वाटलं ती सिद्रामप्पाला शिव्या देईल. ती मूग निवडत होती, निवडतच राहिली. मी विचारलं, आबा त्या दिवशी घरी आल्यावर काय बोलले.

"काही न्हाई. दोन भाकरी जेवले. आन झोपले. दोन महिन्यांत पैल्यांदा झोपले ते."

अपमानानं माणूस असा सुन्न होतो. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, असंल.

थोड्या वेळानं तिनं स्वतःच सांगितलं की बोर्डिंग बंद झाल्यावर आबा घरी गेलेल्या पोरांच्या गावागावात पायी फिरले होते. दारात उभे राहून, पोराला परत पाठवा म्हणायचे. कुणी पाठवलं, कुणी नाही. मला हे माहीत नव्हतं. ट्रस्टमधून काढल्यावर सुद्धा ट्रस्टचंच काम करून राहिले. असा माणूस काढला त्यांनी.

मी विचारलं, मग मला का नाही पाठवलं परत. माय म्हणाली, तूच गेला न्हाईस की. तुला मामानं ट्रकवर बसवलं अन् तू उतरलाच न्हाईस.

३० एप्रिल. लातूर

उद्या. शर्टाला इस्त्री केली. नागुबाईनं विचारलं लग्न आहे का.

अध्यक्षाचा विषय असला की रुमाल अध्यक्ष धरत नाही. सगळ्यात लहान असेल त्यानं धरायचा. म्हणजे मी. बसवराजला हे माहीत होतं म्हणूनच तो जीप घेऊन आला असेल, असं आज डोक्यात आलं. असू दे. मलाही हेच हवं आहे. सिद्रामप्पाचं एक बोट माझ्या तळहातावर दाबलं जाईल, राहू द्या राहू द्या म्हणत, आणि मी ते मनात मोजून, तोंडानं सांगेन, काढलं. ते बोट मला पाहिजे. दहा वर्षं पाहिजे आहे.

१ मे, रविवार

बैठक दहाला सुरू झाली. साडेअकराला संपली. आता चार वाजले आहेत. आधी हात धुतले, मग लिहायला बसलो.

बसवराज आधी बोलला. अध्यक्ष वयस्कर झाले, नव्या जिल्ह्याला नवी माणसं पाहिजेत, बोर्डिंग गावाबाहेर नेऊन इथं दुकानं काढली तर ट्रस्टचं भलं आहे. हौदाचं नाव नाही. मी टेप धरला होता ते दुकानांचं होतं. पण तो माझा विषय नव्हता.

सिद्रामप्पाला विचारलं काही बोलायचं आहे का. तो न्हाई म्हणाला.

रुमाल माझ्या मांडीवर. धुतलेला, कडक.

बसवराज आला. दोन बोटं, नखासकट रुतवली.

गुरुपादप्पा आले. हात थंडगार. लिंगाची शपथ घेतलेला माणूस. एक बोट. माझ्याकडं बघितलंही नाही, जाऊन बसले.

मास्तर आले. एक बोट. हलकं, फळ्यावर खडू टेकवावा तसं.

मग सिद्रामप्पा. खाली बसताना गुडघा धरला. हात रुमालाखाली आला. कासऱ्यानं घट्टे पडलेला. मी माझा तळहात उघडा धरला. बाहेर पोरं बादल्या घेऊन रांगेत भांडत होती, तो तिकडं बघत होता.

दोन बोटं.

मला वाटलं चुकून. बाजारात भावाची शंका आली तर अंगठ्यानं तळहात घासून परत विचारतात. मास्तरांनी सांगितलं होतं. मी घासला. त्यानं परत दाबली. दोन. सावकाश, नीट, मला चुकू नये म्हणून.

आणि हात काढून घेतला.

दोन काढा, दोन राहू द्या. पाचवा मी.

मला त्याची भीक मागणारी बोटं पाहिजे होती. त्यानं ती दिली नाहीत. त्यानं मला काय दिलं, तर त्याचं ओझं उतरवायचं काम. मी काढलं म्हणालो असतो तर तो चपला पायात घालून, हातात नाही, पायात घालून, मळ्यात जाऊन झोपला असता. पिंप नाही, पोरं नाहीत, बसवराज नाही. सुटायचं होतं म्हाताऱ्याला. माझ्या हातानं.

बसवराज हसायच्या तयारीत होता.

मी म्हणालो, "अध्यक्ष राहतील."

सिद्रामप्पानं मान वर केली. त्या तोंडासाठी मी दहा वर्षं फिरलो असं म्हणायला हरकत नाही. माणूस मार खाल्ल्यासारखा दिसला. मी रुमालाची घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. नाही सोडत तुला, असं मनात म्हणालो. ओढ पाणी.

२ मे

बसवराजनं मला आडतीच्या मागं गाठलं. शर्टाची कॉलर धरली, त्याच्याच शर्टाची. गुरुपादप्पा फिरला का मास्तर फिरला एवढंच सांग म्हणाला. तू स्वतः फिरलास का. बापाला ज्यानं काढलं त्याला ठेवलंस, कसला पोरगा तू.

मी त्याला काहीही सांगू शकलो असतो. गुरुपादप्पांचं नाव सांगितलं असतं तर त्यांच्या उदगीरच्या दुकानाचं उधार बसवराजनं दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं. तोंडापर्यंत आलं.

मी म्हणालो, ते सांगायचं नसतं.

आणि बोलल्यावर माझ्याच ध्यानात आलं. हे माझं वाक्य नव्हतं.

संध्याकाळी सिद्रामप्पानं निरोप पाठवला, एक बैल लंगडतो, उद्या गाडी ढकलायला माणूस लागेल. मी निरोप्याला सांगितलं येणार नाही.

३ मे

सकाळी गेलो. आठ मैल मी मागून गाडी ढकलली. उताराला त्यानं फक्त एकदा विचारलं की तूच बूच काढलं व्हतं ना. मी हाव म्हणालो. तो म्हणाला, ठोकताना फडकं ओलं करून ठोकावं लागतं, नाहीतर गळतं.

६ मे, शुक्रवार. चाकूर

नांदेडला निघालो होतो. विष्णुपुरीला हजेरी लिहायला श्रीमंत नावाचा दुसरा माणूस घेतला आहे म्हणे, तरी जाऊन बघतो.

बसमध्ये करू नये ते केलं. परत मोजायला बसलो. गुरुपादप्पा एक. मास्तर एक. बसवराजचा बाप दोन. सिद्रामप्पा दोन. आणि पाचवा हात.

तिसरी सही, न हललेली. दोन भाकरी. आणि झोप.

माझा तळहात मी मांडीवर उलटा ठेवला आणि चाकूर येईपर्यंत तसाच ठेवला. पुढचं गणित मी करणार नाही. केलेलं आहे, पण लिहिणार नाही.

माय दारात बसली होती. तिला बैठकीचं कुणीतरी सांगितलं होतं, अध्यक्ष राहिले एवढंच. ती रागावली नव्हती. तिनं जेवायला वाढलं, पंख्यानं माश्या वारत बसली, आणि मग विचारलं. मागं कधी विचारलं नव्हतं तिनं.

"तू तर आता आतला झालास. खरं सांग. कुणी काढलं रं त्यांना?"

मी घास गिळला. म्हातारा दहा वर्षं हे नाव अंगावर घेऊन गाडी हाकतो आहे. कधी झटकलं नाही. घेऊ दे आणखी. माझ्याकडून त्याला एवढंच मिळेल, आणि आबांना माझ्याकडून एवढंच देता येतं.

म्हणालो, "सिद्रामप्पानं."

मायचा पंखा थांबला. तिनं ताटात आणखी एक भाकर टाकली.

"हाव," ती म्हणाली. "तेबी असंच सांगायचे."